ऑफिस अवर्सला जायला मला सहा आठवडे लागले

इथे अमेरिकेत पहिल्या सेमिस्टरला प्रत्येक विषयाच्या सिलॅबसवर प्रोफेसरांच्या नावाखाली एक ओळ असायची, ऑफिस अवर्स मंगळवार-गुरुवार २ ते ३, आणि मी समजत होते की ही त्यांची स्वतःच्या कामाची वेळ, तेव्हा दार वाजवायचं नाही. खरं तर तो तास फक्त विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेला असतो, अपॉइंटमेंटसुद्धा लागत नाही, नुसतं जायचं आणि विचारायचं. हे मला मिडटर्मनंतर कळलं, जेव्हा स्टॅटिस्टिक्समध्ये १०० पैकी ५४ आले आणि टीएने, म्हणजे प्रोफेसरांच्या हाताखाली शिकवायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्याने, पेपर हातात देताना विचारलं की तू कधीच येत का नाहीस.

गेले. आत जाऊन म्हटलं, मला काहीच कळत नाहीये. सर म्हणाले, शेवटचं जे कळलंय तिथून सुरू कर, फळ्यावर लिही. लिहिता लिहिता सापडलं की मी स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे किती पसरलेत) आणि स्टँडर्ड एरर (नमुन्यावरून काढलेली सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते) एकच समजून चालले होते, त्यामुळे कॉन्फिडन्स इंटरव्हलचं प्रत्येक गणित चुकत होतं. पंधरा मिनिटांत गाठ सुटली, जी मी सहा आठवडे एकटी रूमवर बसून ओढत होते. त्यामुळे येणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीने सांगणं आहे की दुसऱ्याच आठवड्यात जा, आणि जाताना एखादं अर्धवट सोडवलेलं गणित घेऊन जा म्हणजे समोरच्याला तुमची अडचण लगेच दिसते.

रायटिंग सेंटर, म्हणजे लिखाणासाठी मदत मिळते ती कॉलेजमधली जागा, तिथला अनुभव वेगळा. मला वाटलं निबंध देऊन येऊ, ते ग्रामर सुधारून देतील. तसं नसतं. ट्यूटर म्हणाली, मोठ्याने वाच. मी वाचत गेले आणि तिसऱ्या परिच्छेदात माझं मलाच ऐकू आलं की मुद्दा तर इथे आलाय, वरचं दीड पान नुसती प्रस्तावना आहे. ते लोक आधी मुद्दा आणि मांडणी बघतात, वाक्यांच्या चुका नंतर, आणि पेन तुमच्याच हातात ठेवतात. सोर्स कसे द्यायचे हेही तिथेच विचारून घ्या, कारण दुसऱ्याची वाक्यं नाव न देता वापरली की इथे थेट शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, मुद्दाम केलं नसलं तरी. पर्ड्यू युनिव्हर्सिटीची रायटिंग लॅब १९७६ पासून आहे आणि त्यांची ऑनलाइन लॅब सगळ्यांना फुकट, म्हणजे घरबसल्या आत्ताच बघून ठेवता येईल.

सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन, म्हणजे लेक्चरशिवाय होणारी अभ्यासाची जादा सेशन्स, सगळे एसआय म्हणतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १९७३ मध्ये मिझुरी युनिव्हर्सिटीच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवर सुरू झालं. मला त्यातला विचार फार आवडतो, कमकुवत विद्यार्थी न निवडता अवघड विषय निवडायचा, म्हणजे ज्या विषयात खूप जण नापास होतात किंवा सोडून देतात त्याला एसआय जोडायचं आणि वर्गातल्या कोणीही यायचं, हुशार मुलंही येतात, त्यामुळे जायला संकोच वाटत नाही. तो विषय आधी चांगला केलेला एक विद्यार्थी पुन्हा सगळी लेक्चर्स बसतो आणि मग सेशन घेतो. तो उत्तरं देत नाही, आपल्यालाच बोलायला लावतो.

लायब्ररीत विषयवार लायब्रेरियन असतात, आणि आपल्या लायब्ररीत नसलेलं पुस्तक ते दुसऱ्या युनिव्हर्सिटीकडून मागवून देतात. डिसॅबिलिटी ऑफिस परीक्षेत जास्त वेळ मिळवून देतं, पण तिथे स्वतः नोंदणी करावी लागते. आणि पालकांसाठी एक, १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे, त्यामुळे मुलाच्या परवानगीशिवाय कॉलेज सहसा मार्क घरी कळवत नाही, म्हणून कॉलेजकडून फोन येईल याची वाट बघू नका, मुलांशीच बोला.

अडव्हायझरचं, म्हणजे कोणते कोर्सेस घ्यायचे याचा सल्ला देणाऱ्यांचं, मात्र नीट ऐका कारण यात व्हिसा येतो. एफ-१ या स्टुडंट व्हिसावर बॅचलर्सला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट्स लागतात. माझी एक मैत्रीण पहिल्याच सेमिस्टरला रात्री एक वाजता पोर्टल उघडून केमिस्ट्री ड्रॉप करायला निघाली होती, नशिबाने आधी मला फोन केला. परवानगी न घेता १२ च्या खाली गेलं की व्हिसाचं स्टेटस, म्हणजे इथे विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्क, जाऊ शकतं. सकाळी आम्ही दोघी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये गेलो. अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं हे नियमातच लिहिलेलं कारण आहे, आणि त्यावर एका लेव्हलला (बॅचलर्स, मास्टर्स अशा) एकदाच कमी कोर्सेसची परवानगी मिळते, मात्र पुढच्या सेमिस्टरला परत पूर्ण कोर्सेस घ्यावे लागतात. तिला ती मिळाली, मगच तिने ड्रॉपचं बटण दाबलं. उरलेले तिन्ही विषय ती पास झाली आणि केमिस्ट्री या सेमिस्टरला परत घेतलीये, एसआयला आम्ही बरोबरच जातो.