खुनी पिक्चरांची वही, अपडेट ४: पीपिंग टॉमवर गाडी अडकलीये

हिचकॉकचा सायको तीन रात्रीत उरकला होता, पण हा १०१ मिनिटांचा पीपिंग टॉम दोन आठवडे झाले संपत नाहीये. नवीन मंडळींसाठी, माझं काम एवढंच की दर शॉटला वहीत लिहायचं आत्ता आपण कुणाच्या नजरेने बघतोय, खुन्याच्या, बळीच्या का तिसऱ्याच कुणाच्या. तीन कॉलम, झालं.

तर पहिल्याच पानावर घोळ. लंडनची गल्ली, कोटात लपवलेला कॅमेरा, आणि पुढचं सगळं व्ह्यूफाइंडरच्या फुलीतून, बाई पुढे, जिना, खोली, मग तिचा चेहरा जवळ येत जातो आणि किंकाळी. लगेच टायटल्स सुरू आणि त्यामागे तोच खून परत, आता ब्लॅक अँड व्हाइट, खुनी मार्क घरी प्रोजेक्टर लावून बघत बसलाय. म्हणजे एकच खून पहिल्यांदा त्याच्या डोळ्याने आणि दुसऱ्यांदा त्याच्या पाठीमागे बसून. शेवटी चौथा कॉलम पाडला, 'आपण'.

रक्त जवळपास नाहीच हो. ट्रायपॉडच्या पायात पातं आणि कॅमेऱ्याला आरसा, मरणारीला स्वतःचा घाबरलेला चेहरा दिसावा म्हणून. आरशाचं शेवटाकडे कळतं आणि मग मागची सगळी पानं खोडायला लागतात, मी खोडली.

लहान मार्कच्या अंथरुणात सरडा सोडून त्याची भीती शूट करणारा बाप म्हणजे खुद्द दिग्दर्शक मायकल पॉवेल, आणि ते पोरगं त्याचा सख्खा मुलगा. आपल्याकडे अंगावर पाल पडली तर घरचे आंघोळीला पाठवतात, इथे बाप कॅमेरा घेऊन उभा! १९६० ला समीक्षकांनी असा झोडपला की पॉवेलचं ब्रिटनमधलं करिअर बसलंच, आणि त्याच वर्षी सायको जोरात चालला. मला विचाराल तर सायकोत शॉवरखालचा खून झाला, बाथरूमबाहेर पडलं की सुटतो आपण, इथे सुटत नाही.

काल रात्री एक वाजता स्टुडिओतल्या व्हिव्हियनचा सीन चौथ्यांदा मागे नेत होतो, ती रिकाम्या सेटवर नाचते आणि मग मार्क ट्रायपॉडचा पाय उचलतो, तिचं हसू जातं ती नेमकी फ्रेम पकडायची होती. बायको पाणी प्यायला उठलेली, दारातच थांबली. "ती बाई मरायला आली की तू परत मागे का नेतोस रे?" म्हटलं, नोंद घेतोय. "तो पण तेच म्हणत असेल," म्हणाली आणि गेली झोपायला.

तो शॉट अजून कोराच आहे वहीत. आता पुढे मार्कच्या घरात भाड्याने राहणाऱ्या हेलनच्या आंधळ्या आईचा सीन येतोय, तिला काहीच दिसत नाही आणि मार्क नेमका तिलाच टरकून असतो. हिला कुठल्या कॉलममध्ये टाकू, सुचवा कुणीतरी.