चहाने दात किडत नाहीत, साखरेने किडतात

दाढ किडली की दोष चहाला दिला जातो. तो बिचाऱ्या चहा पावडरीचा नसतो. बिनसाखरेचा चहा हे दातांना मानवणारं पेय आहे.

चहाचं झाड जमिनीतलं फ्लोराइड ओढून पानांत साठवतं. पान जितकं जून, तितकं ते जास्त. पावडर उकळली की पहिल्या काही मिनिटांतच बरंचसं पाण्यात उतरतं. काळ्या चहात लिटरला साधारण १ ते ५ मिलिग्रॅम. आम्लामुळे दाताच्या वरच्या थरातून निघून गेलेली खनिजं परत बसायला ते मदत करतं. शिवाय चहाला तुरटपणा देणारी पॉलिफेनॉल्स तोंडातल्या जंतूंना साखरेपासून चिकट थर बनवू देत नाहीत. प्रयोगशाळेत हे चांगलं दिसतं, प्रत्यक्ष तोंडात परिणाम सौम्य असतो. म्हणून ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट सुटत नाही.

आता आपला नेहमीचा कप घ्या. सपाट चमचाभर साखर म्हणजे ४ ग्रॅम. दोन चमच्यांचे चार कप झाले की ३२ ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात गेली. पण दातांच्या दृष्टीने ती किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. गोड घोट घेतला की जंतू साखरेचं आम्ल बनवतात, काही मिनिटांत दातांवरच्या चिकट थराचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) ५.५ च्या खाली उतरतो, तिथे इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, विरघळू लागतं, आणि लाळेला तो सावरायला अर्धा ते एक तास लागतो. टेबलावर कप ठेवून दोन तास घोट घोट घेणाऱ्याच्या दातांना ही उसंत मिळतच नाही. प्यायचा तर दहा मिनिटांत संपवा. गूळ किंवा मध घातल्याने यात फरक पडत नाही, जंतूंना तेही चालतं.

त्याहून वाईट म्हणजे बुडवलेला टोस्ट आणि खारी. भिजलेला लगदा दाढांच्या खाचांत आणि हिरडीच्या कडेला जाऊन बसतो, जीभ फिरवून निघत नाही. शेवटच्या घासानंतर साध्या पाण्याने जोरात चूळ भरा.

साखर एकदम तोडू नका, टिकत नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा आणि आलं, वेलची थोडी वाढवा. सकाळी आधी ब्रश, मग चहा: रात्रभर साचलेला थर निघालेला असला की साखरेला खाणारे जंतूच कमी उरतात. लिंबू चहा आंबट असतो, त्याने इनॅमल तात्पुरतं मऊ पडतं. त्यानंतर अर्धा तास ब्रश नको.

डाग म्हणजे कीड नव्हे. चहातलं टॅनिन दातावरच्या पातळ थराला धरतं, आणि दातावर कीटण असेल तर तिथे जास्तच. दुधातलं केसिन हे प्रथिन टॅनिनला बांधून ठेवतं, म्हणून दुधाच्या चहाने डाग कमी पडतात. हे डाग राखुंडी, मीठ किंवा कोळशाने घासू नका. इनॅमल झिजतं आणि ते पुन्हा येत नाही. दंतवैद्याकडे स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, करून घ्या. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश चालू असेल तर चहा आधी पिऊन घ्या, चूळ भरल्यावर लगेच नको. नाहीतर काही दिवसांतच दात तपकिरी दिसू लागतात.

यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं, आणि चहाचं त्यात मिळतं. तिथे आठ वर्षांखालच्या मुलांना कडक चहा देऊ नका. त्यांचे कायमचे दात अजून जबड्यात घडत असतात, आणि जादा फ्लोराइडने त्यांवर उमटणारे पांढरे-तपकिरी चट्टे घासून जात नाहीत.