घर समुद्रापासून किती लांब?

यॉर्कशायरच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक बैठं घर आम्हा दोघांनाही पसंत पडलं होतं. तीन खोल्या, मागे अंगण, अंगणापलीकडे शेत आणि शेतापलीकडे नॉर्थ सी. आम्ही राहतो त्या लंडनजवळच्या स्लाउमध्ये तेवढ्या पैशांत एका बेडरूमचा फ्लॅटही मिळत नाही. नवऱ्याने एजंटकडून घर बघायची वेळसुद्धा घेतली होती. त्या रात्री मी त्या किनाऱ्याचा आराखडा उघडला आणि त्या पट्ट्यापुढे लिहिलेलं धोरण वाचलं : ‘नो ॲक्टिव्ह इंटरव्हेन्शन’. हा किनारा वाचवण्यासाठी सरकार काहीही करणार नाही, समुद्र पुढे येईल तसा येऊ द्यायचा.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. एवढं स्पष्ट कुणी लिहून ठेवतं?

तर ठेवतात. इंग्लंडच्या सगळ्या किनाऱ्याचे पट्टे पाडून प्रत्येकाचं पुढे काय करायचं ते ठरवलेलं आहे. आहे तिथे किनारा राखायचा, बांध आणखी पुढे न्यायचा, ठरवून मागे सरायचं, की काहीच करायचं नाही. तेही तीन टप्प्यांत : वीस वर्षांपर्यंत काय, पन्नासपर्यंत काय, शंभरपर्यंत काय. हा होल्डरनेसचा किनारा हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेल्या चिकणमातीचा. तो सरासरी वर्षाला दीड-दोन मीटर मागे सरतो, म्हणजे युरोपातल्या सर्वांत वेगाने झिजणाऱ्या किनाऱ्यांपैकी एक. रोमन काळापासून तिथली तीसेक गावं समुद्रात गेली आहेत. कौन्सिलने १९५१ पासून दर ५०० मीटरवर खुंट रोवले आणि तेव्हापासून कडा किती मागे सरतो ते मोजलं जातंय. मी नकाशावर घरामागचं शेत मोजलं आणि भागाकार केला. मुलगी नोकरीला लागेपर्यंत शेत संपत होतं, आमच्या निवृत्तीच्या सुमाराला अंगण.

नुकसानभरपाईचं काय, तर ती नाही. धुपेने गेलेल्या घराचे पैसे सरकार देत नाही, आणि नेहमीच्या गृहविम्यात धूप धरलेली नसते. घर कड्याशी आलं की ते पाडावं लागतं. त्या पाडकामासाठी घरामागे ६,००० पाउंडांपर्यंत मदत आहे. एवढंच. कुठला किनारा राखायचा आणि कुठला नाही हे मुख्यतः हिशोबाने ठरतं : बांधाचा खर्च किती आणि त्यामागे वाचणारी मालमत्ता किती. त्याच किनाऱ्यावरची हॉर्नसी आणि विदर्नसी ही गावं मोठी, त्यांना भिंती आहेत. मॅपल्टनमध्ये १९९१ साली समुद्रात जाणारे दगडांचे दोन आडवे बांध घातले, कारण तिथून महत्त्वाचा रस्ता जातो. गाव वाचलं, पण किनाऱ्याने वाहत येणारी वाळू बांधाला अडली आणि दक्षिणेकडची शेतं जास्त वेगाने जायला लागली.

हे सगळं वाचून आधी मला संताप आला. एवढा श्रीमंत देश, आणि चाळीस घरांच्या वस्तीला सांगतो की तुमच्यासाठी खर्च करणं परवडत नाही? मग हळूहळू माझं मत बदललं. त्याला कारण मिऱ्या.

मिऱ्या हे माझं आजोळ. रत्नागिरीच्या लोकांना मिऱ्या बंधारा म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला दगड ढासळतात, पाणी आवारात शिरतं, माडांची मुळं उघडी पडतात, पेपरात फोटो येतात, पुढारी पाहून जातात, निधीची घोषणा होते. अलीकडे टेट्रापॉडचं, म्हणजे लाटा फोडणाऱ्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं, मोठं काम हाती घेतलं गेलं आणि त्याबद्दल मला खरंच समाधान आहे. पण माझ्या मामाला आजवर एकाही सरकारी माणसाने त्याचं घर पन्नास वर्षांनी तिथे असेल का, हे सांगितलेलं नाही. मामेभावाने त्याच जागेत वर मजला चढवला. कुठला नकाशा बघून चढवला? नकाशाच नाही, तर बघणार काय.

आपल्या बाजूनेही एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे ‘तुमची घरं वाचवण्याजोगी नाहीत’ असं गावाच्या तोंडावर कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं तर गाव ते ऐकून घेणार नाही. माणसं तहसील कार्यालयावर जाऊन बसतील. या हट्टात मला अजूनही माणुसकी दिसते. तरीही आयुष्याची पुंजी घालून घर घ्यायचं तर मला खरं आधी कळलेलं हवं. इथे ते फुकट कळतं. पुराचंही तसंच : सरकारी साइटवर पोस्टकोड घातला की नदी-समुद्राचा धोका किती, पावसाचं पाणी तुंबण्याचा किती, हे त्या पत्त्यासाठी समोर येतं. १९५३च्या जानेवारीअखेरच्या वादळात नॉर्थ सी आत घुसला आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. किनाऱ्याबद्दलची इथली शिस्त मला त्याच रात्रीतून आलेली वाटते.

मामाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘अगो, समुद्रच हवा होता तर गाव काय वाईट होतं? सगळं सोडून तिकडे गेलीस, आणि आता तिकडचा समुद्र शोधत्येस?’’

या प्रश्नाचं उत्तर मला नीट द्यायचंय, कारण तो मामा एकटाच विचारत नाही. आम्ही समुद्र हौसेखातर शोधत नव्हतो. स्लाउमध्ये भाड्याचा फ्लॅट, वर दर वर्षी वाढणारं भाडं. नवऱ्याचं ऑफिस आता महिन्यातून थोडेच दिवस बोलावतं आणि माझं काम पूर्णपणे घरून चालतं. लंडनला चिकटून राहण्याचं कारणच उरलं नव्हतं. घर घ्यायचं तर स्वस्त गावी, आणि गाव निवडायचंच आहे तर समुद्राजवळचं का नको? रत्नागिरीला परत जायचा विचार आम्ही केला नाही असं नाही. पण आमच्या दोघांच्या कामाला तिथे जागा नाही, आणि मुलगी दहाव्या वर्षी मधेच उचलून तिकडच्या शाळेत घालायची माझी तयारी नाही. याला कुणी स्वार्थ म्हटलं तर म्हणू दे.

इथली समुद्रकाठची गावं स्वस्त का, हे मात्र आधी समजून घ्यावं लागतं. विमानाने स्पेनला जाणं परवडायला लागलं आणि साठ-सत्तरच्या दशकांपासून इंग्लिश माणसाची आठवडाभराची समुद्रावरची सुट्टी उतरणीला लागली. बोर्डिंग हाउसांच्या एकेका खोल्या भाड्याने गेल्या. काम हंगामी, पगार कमी, तरुण बाहेर. एसेक्समधलं जेविक २०१९च्या सरकारी यादीत देशातली सर्वांत वंचित वस्ती म्हणून पहिलं आलं, आणि त्याआधीच्या दोन याद्यांतही तेच पहिलं होतं. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी २०२१चा आपला वार्षिक अहवाल किनाऱ्यावरच्या लोकांच्या आरोग्यावर लिहिला. किनारी गावांत आजार जास्त आणि डॉक्टर-नर्सेस कमी, हा त्याचा गाभा. जाहिरातीत सुंदर खिडकी आणि निळं पाणी दिसतं, पण तिथे दाताचा डॉक्टर मिळेल का, हे दिसत नाही.

साउथएंड आम्ही लवकर सोडलं. लंडनपासून तासाभरावर, समुद्रात दोन किलोमीटरहून लांब गेलेला धक्का, त्यावर चक्क आगगाडी. पण ते थेम्सचं मुख आहे, ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो, आणि चांगल्या भागातल्या किमती लंडनच्याच वाटेवर आहेत. मार्गेटला २०११ साली टर्नर कंटेम्पररी हे कलादालन झालं आणि लंडनकरांची रीघ लागली, तिथलाही स्वस्ताईचा काळ सरला. वायव्य किनाऱ्यावरच्या मोरकॅम्बने मात्र मला फार ओढलं. खाडीपलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर, घरं स्वस्त, आणि ईडन प्रोजेक्ट या मोठ्या उद्यान-प्रकल्पासाठी २०२३ साली सरकारने जाहीर केलेले ५ कोटी पाउंड. पण तिथली भरती! रत्नागिरीला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक अडीच मीटरच्या आसपास असतो, तिथे तो दहा मीटरपर्यंत जातो, आणि पाणी सपाट वाळूवर मागून वेढा घालत येतं. फेब्रुवारी २००४ मध्ये रात्री शिंपले वेचायला उतरवलेले किमान २१ चिनी मजूर तिथे बुडाले. त्यांना पाण्याची वेळ सांगणारं कुणी नव्हतं. खाऱ्या पाण्याच्या गावात वाढलेल्या माझ्यासारखीला ही बातमी आजही सहन होत नाही. त्यातून मोरकॅम्बपासून नवऱ्याच्या कामाची शहरंही दूर पडत होती.

शेवटी आम्ही ईशान्य इंग्लंडमधल्या व्हिटली बेवर आलो. न्यूकॅसलची मेट्रो थेट गावात येते, अर्ध्या तासात शहर, आणि तिथून लंडनला तीन तासांच्या आत गाडी. म्हणजे हे गाव शहराला बांधलेलं आहे, पर्यटकांच्या हंगामावर जगत नाही. गावाची ओळख असलेली स्पॅनिश सिटीची पांढरी घुमटाची इमारत १९१० सालची, पडझडीनंतर ती २०१८ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. नॉर्थ शील्ड्सच्या धक्क्यावर ताजी मासळी मिळते. उन्हाळ्यात मॅकरेल येतो, आणि आमसूल घालून केला तर आईनेही बांगडाच म्हणावं असा होतो. थंडी आहे, डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, वसंतात समुद्रावरून धुकं येऊन अख्खा दिवस खाऊन टाकतं. हे सगळं बघूनच होकार दिला.

सेंट मेरीच्या दीपगृहाकडे जाणारा रस्ता भरतीत पाण्याखाली जातो, म्हणून कधी जाता येईल त्या वेळा तिथे लावलेल्या असतात. भरतीची वेळ काढायचा, बाबांनी शिकवलेला तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब इथे चालत नाही. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येची भरती बाराच्या आसपास भरते, इथे तीन-चारला. मुलीला आता मी हा नवा हिशोब शिकवतेय.

स्लाउमधल्या मराठी मंडळींचा आक्षेप वेगळाच आहे. स्लाउमध्ये चार ग्रामर शाळा, म्हणजे परीक्षा घेऊन निवडक मुलांनाच घेणाऱ्या सरकारी शाळा, आहेत, त्यांच्या प्रवेश परीक्षेसाठी मुलं आठव्या-नवव्या वर्षापासून क्लासला जातात, आणि आम्ही परीक्षेच्या तोंडावर निघालो. ईशान्य इंग्लंडमध्ये ग्रामर शाळा नाहीतच. व्हिटली बेत फर्स्ट, मिडल आणि हाय अशा तीन पायऱ्यांच्या शाळा आहेत. नवव्या वर्षी मिडल, तेराव्या वर्षी हाय. मला हे पटतं. रविवारी सकाळी रीझनिंगचे पेपर सोडवताना माझ्या मुलीचा चेहरा मी बघितलाय. ज्यांची मुलं ग्रामरला लागली त्यांचं कौतुकच आहे, पण त्यांनी माझ्या मुलीची काळजी करू नये. चार मित्रमैत्रिणींनी ‘तिच्या भविष्याचं काय’ असं विचारल्यावर मी जरा तिखट बोलले, आणि तसंच बोलायला हवं होतं. तुटणार आहे ते वेगळं : गणपतीतली घराघरांतली ये-जा, दिवाळीचा एकत्र फराळ, अडीअडचणीला धावणारी माणसं. न्यूकॅसलला मंदिर आहे, मराठी कुटुंबंही भेटतील, पण दहा वर्षांची माणसं नव्याने दहा वर्षांनीच होतात.

घर पाहताना पैशांची एक गोष्ट कळली, ती आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी. पहिलं घर घेणाऱ्याला सध्या ३ लाख पाउंडांपर्यंत स्टॅम्प ड्युटी लागत नाही. पण जगात कुठेही कधी घर किंवा घराचा हिस्सा नावावर असेल, अगदी वारशाने आलेला, तर तुम्ही पहिले खरेदीदार ठरत नाही. तो हिस्सा अजून नावावर असेल आणि त्याची किंमत ४०,००० पाउंड किंवा त्याहून जास्त असेल, तर वर ५ टक्के जादा कर लागू शकतो. गावच्या घरावर भावाबहिणींबरोबर नाव असणाऱ्यांनी वकिलाला हे पहिल्या दिवशीच सांगावं.

आम्ही निवडलेलं घर प्रोमेनाडपासून काही गल्ल्या आत आहे. लाल विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याला चिकटलेलं, समुद्र एकाही खिडकीतून दिसत नाही. मामाला ते आवडलं. गुहागरला, मुरुडला जुनी घरं रस्त्याला तोंड करून असतात, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की पुळण. ‘‘आपले म्हातारे समुद्राकडे पाठ करून राहिले ते उगाच नाही,’’ असं तो म्हणाला, आणि आपल्या घराबद्दल मात्र गप्प बसला.

आमची ऑफर मान्य झालीय, सर्व्हे व्हायचाय. इथे सह्या झालेले करार एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंनी ते एकमेकांना देईपर्यंत, विकणाराही मागे फिरू शकतो, त्यामुळे अजून पेढे वाटलेले नाहीत. मिडल शाळेत जागा आहे असं कळलंय. राहता राहिला दाताचा डॉक्टर : व्हिटली बे ज्यात येतं त्या नॉर्थ टाइनसाइड भागात नवे पेशंट घेणारा एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) डेंटिस्ट कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.