तुम्ही विचारलंत म्हणून: औषध आहेच, मग संशोधन कशावर?

लग्नाकार्यात हमखास, आणि हल्ली एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स डिग्री) करणारी मुलंमुली फोन करून विचारतात तो प्रश्न एकच. तुम्ही आरोग्याच्या रिसर्चमध्ये आहात ना, मग नवीन औषध वगैरे शोधता का? नाही म्हटलं की पुढचा येतोच, की औषध आधीच आहे, योजना आहे, आशाताई आहेत, बजेटही येतं, मग संशोधन नक्की कशावर, आणि त्यात ‘मॅनेज’ करण्यासारखं काय असतं? एका काकांनी तर “म्हणजे सर्व्हे” म्हणून विषयच मिटवून टाकला. माझ्या कामाला ‘इम्प्लिमेंटेशन रिसर्च’ म्हणतात, तर ते काय असतं आणि त्यात मॅनेज काय करायचं ते एकदाच नीट लिहिते, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. नव्वदच्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत एक प्रयोग केला, गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं, की बाळाच्या घरी जायचं, वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब कशी द्यायची ते आईला दाखवायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर अँटिबायोटिक द्यायचं, अगदी जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये निकाल छापून आला. हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, तो आकडा तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला होता.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि इथेच लोक म्हणतात, झालं की, आता करा देशभर. आमचं काम इथून सुरू होतं. कारण आता प्रश्न ‘याने बाळं वाचतात का’ हा राहिलेलाच नाही. प्रश्न असा, की बंग पतीपत्नी जिथे नाहीत, देखरेखीला त्यांची टीम नाही, तिथे हे होतं का? म्हणून पुढे ‘अंकुर’ नावाने महाराष्ट्रात सात ठिकाणी दुसऱ्या संस्थांनी ते करून पाहिलं, आणि २०११ मध्ये आशांमार्फत ते देशभराच्या कार्यक्रमात आलं. येताना त्यातलं इंजेक्शन गळलं. आशाने बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं, बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही, आणि सगळं पूर्ण झालं की तिला २५० रुपये.

कागदावर किती सुटसुटीत ना.

आता गावात या. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे गरोदरपणाचे सात महिने सासरच्या आशाने सांभाळले, तिच्या वहीत नाव, आणि बाळ जन्मतं दुसऱ्या तालुक्यात, तिथल्या आशाला ही पोरगी आल्याचं कळतं तेव्हा बारशाचे पेढे वाटून झालेले असतात. सिझर झालं असेल तर पहिला आठवडा दवाखान्यातच. नॉर्मल असेल आणि तिसऱ्या दिवशी आशा गेलीच, तर कुठे कुठे आजी म्हणते पाचवी पुजून होऊ दे, मग घे बाळ हातात. ते झोळीचं वजन तर अनेकींना नकोच असतं, असं टांगून मोजलेलं बघवत नाही आणि दृष्ट लागते ती वेगळीच. आणि पैसे शेवटी एकत्र मिळणार, मग सहातल्या दोन भेटी इकडे आणि चार तिकडे झाल्या तर २५० कुणाचे? दोघीही मनातल्या मनात हिशोब करतात आणि तो फॉर्म बाजूला पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं तर विचारूच नका, बाळ फडावरच्या कोपीत आणि वही बीडला.

यात कुणाचं ज्ञान कमी पडलं? कुणाचंच नाही. बाळाला ऊब द्यायची हे आशाला पाठ आहे, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरला माहीत आहे, आजीला तर सगळ्यांच्या आधीपासून माहीत आहे. माहीत असलेली गोष्ट ज्या बाळाला हवी त्याच्यापर्यंत का पोचत नाही, आणि काय बदललं तर पोचेल, हे आहे त्या माणसांनिशी आणि आहे त्या पैशांत करून बघणं, म्हणजे इम्प्लिमेंटेशन रिसर्च. काका, सर्व्हे त्यातला एक तुकडा आहे फक्त.

आणि मॅनेज काय करायचं? माझ्या मते सगळ्यात मोठं काम एकच, आपला प्रोजेक्ट सरकारी यंत्रणेपेक्षा जास्त हुशार होऊ द्यायचा नाही. ऐकायला विचित्र वाटतं, सांगते. अशाच एका कामात मी होते, जिल्ह्याचं नाव राहू दे. ठरलं होतं साधं, सासरच्या आशाने माहेरच्या आशाला फोन करून नाव आणि तारीख कळवायची, आणि आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी महिन्याच्या मीटिंगला ज्यांची नावं इकडून तिकडे गेली त्यांची यादी ताडून बघायची. बास. पण फील्डवरची मुलं चांगल्या मनाची असतात हो. एकजण आशाला मोटरसायकलवर सोडायला लागला कारण वस्ती लांब, दुसरीने थर्मामीटरचा सेल स्वतःच्या पैशाने आणून दिला, तिसऱ्याने संध्याकाळी बसून फॉर्म भरून दिले कारण ताईंचे डोळे दुखत होते. भेटींचा ग्राफ चढायला लागला की सगळे खूश, फंड देणारे तर फारच खूश. आणि प्रोजेक्ट संपला की मोटरसायकल परत जाते, तिच्याबरोबर ग्राफही. म्हणजे तपासलं काय तर आपलीच मोटरसायकल.

म्हणून मी टीमला सांगते, जे आरोग्य केंद्र उद्या देऊ शकणार नाही ते आपण आज द्यायचं नाही, आणि दिलंच तर लिहून ठेवायचं, किती रुपयांचं, किती वेळाचं. वजनकाटा बिघडलाय? नवा आणून द्यायचा नाही. मेडिकल ऑफिसरला सांगायचं, अनटाइड फंडातून (केंद्राला गरजेप्रमाणे खर्चायला मिळणारे पैसे) घेता येतो का बघायचं, आणि तो यायला किती दिवस लागले ते मोजायचं, कारण तो उशीर हाच तर आपला डेटा आहे. नवीन मुलांना हे निर्दयी वाटतं, भांडतात माझ्याशी, आणि भांडावंच. फक्त एका बाबतीत चर्चा नाही. बाळ सुस्त दिसलं, दूध ओढत नसलं, अंग गार लागलं, तर संशोधन गेलं खड्ड्यात, आधी १०८ ला फोन. हे आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहायचं, एथिक्स कमिटीला दाखवायचं, म्हणजे ऐनवेळी फील्डवरच्या मुलांना परवानगी मागत बसावं लागत नाही.

दुसरं काम म्हणजे ‘केलं’ आणि ‘झालं’ यातला फरक पकडणं. यात माझं सगळ्यात आवडतं उदाहरण बांगलादेशातलं. ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं घरोघर बायका पाठवून आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, असं करत एक कोटी वीस लाखांहून जास्त घरं झाली. किती घरं केली यावर पगार नव्हता! काही दिवसांनी दुसरी माणसं जाऊन त्यातल्या काही आयांना विचारायची, करून दाखवायला सांगायची, आणि आईला जितकं आठवत असेल तितके पैसे शिकवणारीला. आपल्याकडच्या ‘प्रशिक्षण दिले : होय / नाही’ वाल्या रकान्यांना हे दाखवायला हवं. पण खरी गंमत पुढे आहे. आयांना कृती तर पाठ, पण पोराला जुलाब लागले की प्रत्यक्ष करून पाजणाऱ्या फारच थोड्या. का, म्हणून खोदल्यावर कळलं की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर पुरता विश्वास नाही, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेतात, आणि घरातल्या पुरुषांना तर कुणी काही सांगितलेलंच नाही. मग त्या बायकांना कॉलराच्या दवाखान्यात नेऊन दाखवलं की नुसत्या पाण्याने माणूस कसा उठून बसतो, गावात पुरुषांच्या बैठका घेतल्या, आणि मग वापर वाढायला लागला. आकडा कमी आला तेव्हा त्यांनी आयांना अडाणी ठरवलं नाही, आधी आपल्याच लोकांना विचारलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

घानाचं थोडक्यात सांगते. उत्तर घानातल्या नावरोंगोला नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या पद्धती शेजारीशेजारी करून बघितल्या. कुठे फक्त गावातले स्वयंसेवक, कुठे नर्स गावातच राहायला, कुठे दोन्ही, कुठे नेहमीचंच. नर्स गावात राहिली तिथे बालमृत्यू उतरले, नुसत्या स्वयंसेवकांनी नाही. १९९९ मध्ये ते राष्ट्रीय धोरण झालं आणि मग गाडी अडकली, कारण जिल्ह्याजिल्ह्यात समज झाली की आधी नर्सची पक्की इमारत हवी, मग काम. मूळ प्रयोगात गावकऱ्यांनीच श्रमदान करून तिला राहायला जागा उभी केली होती. (आपल्याकडे बरोब्बर उलटं, उपकेंद्राची इमारत रंगवून तयार आणि सिस्टरची पोस्ट रिकामी.) त्यामुळे कुठलाही प्रयोग पसरवायच्या आधी मी विचारते, यातलं काय सोडलं तर चालेल आणि काय सोडलं की सगळंच गेलं? याचं उत्तर लेखी हवं, नाहीतर प्रत्येक जिल्हा आपल्याला सोयीचं तेवढं उचलतो.

राहिलं कॅलेंडर. विद्यार्थ्यांना हे कुणीच शिकवत नाही. जिल्ह्याचं आरोग्याचं बजेट पीआयपीमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या अंमलबजावणीच्या सरकारी आराखड्यात, ठरतं. तुमचा निष्कर्ष कितीही भारी असला आणि पीआयपी पुढे गेल्यावर आला, तर त्याच्यासाठी पैशाची ओळच नाही, बसा वाट बघत. जर्नलमध्ये पेपर छापून यायला लागणारा वेळ वेगळा. म्हणून मी पेपरची वाट बघत नाही, दोन पानांची मराठी नोट करते, एका बाजूला काय केलं, दुसऱ्या बाजूला दर आशामागे किती खर्च. डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) साहेब ती वाचतात. चाळीस पानांचा इंग्रजी रिपोर्ट टेबलाखालच्या गठ्ठ्यात जातो, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि साहेबांची बदली होते. होतेच. ज्यांच्याबरोबर बसून प्रश्न ठरवला ते जातात, नवे आलेले म्हणतात हे कुणी सुरू केलं? यावर उपाय माझ्या माहितीत एकच, प्रश्न एकट्या साहेबाबरोबर ठरवायचा नाही. टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी), तालुका समूह संघटक, दोनचार गटप्रवर्तक आणि कार्यक्रमाची फाइल ज्यांच्या कपाटात असते ते क्लार्क, हे सगळे पहिल्या मीटिंगला हवेत आणि मिनिट्सवर सगळ्यांच्या सह्या. क्लार्कना विसरू नका बरं, आशांचे २५० रुपये कुठे अडकलेत हे जिल्ह्यात सगळ्यात आधी त्यांनाच माहीत असतं, आणि चहा पिताना ते सांगतातही.

मुलं शेवटी विचारतात, मॅडम, या लाइनमध्ये यायचं तर काय शिकू? स्टॅटिस्टिक्स शिका, ते लागतंच. पण त्याच्या आधी एखाद्या पीएचसीत महिन्याच्या आशा मीटिंगला मागच्या बाकावर जाऊन बसा, काही न बोलता, पूर्ण वेळ. रजिस्टरं तपासून झाल्यावर, डॉक्टर उठून गेल्यावर बायका आपापसात जे बोलतात तिथे तुमच्या पुढच्या तीन वर्षांच्या कामाचे प्रश्न मिळतील, त्यामुळे डबा बरोबर न्या आणि लवकर निघू नका.