पण ते चौघे तर तिथे नसतात ना?

2018 च्या ऑगस्टमध्ये मी इंग्लंडात लिव्हरपूलला, साठच्या दशकातल्या तिथल्याच चौघांच्या 'बीटल्स' या बँडच्या चाहत्यांच्या मेळाव्याला जाऊन आले. तेव्हापासून हा प्रश्न मला नणंदेने विचारलाय, सकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांनी विचारलाय आणि माझा आयकराचा फॉर्म भरणाऱ्या मुलानेही विचारलाय. "एवढे पैसे घालून गेलात, पण ते चौघे तर तिथे नसतात ना?"

नसतात. जॉन लेनन 1980 मध्ये गेला, जॉर्ज हॅरिसन 2001 मध्ये. पॉल आणि रिंगो आहेत, पण त्यांना बघायला म्हणून कुणी या मेळाव्याला जात नाही. इतके दिवस हसून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

आधी माझं सांगते. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. मामा बोटीवर होता. सत्तरच्या दशकात एका फेरीत त्याने इंग्लंडहून एक एलपी आणली, बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर'. आणली खरी, पण आमच्याकडे ती वाजवायला काही नव्हतं. शेजारी फिएस्टा रेकॉर्डप्लेअर होता. तो त्यांच्या सत्यनारायणाला आणि दिवाळीला बाहेर निघायचा. त्यांच्याकडे ही 'साहेबाची बोंबाबोंब' मागायची कुणाची छाती? त्यामुळे वर्षभर ती रेकॉर्ड मी फक्त वाचली. पुढून चौघांचे चेहरे आणि केसांच्या जंजाळात चिकटवलेले फोटो, मागे गाण्यांची यादी. आणि त्या यादीत 'लव्ह यू टू' या गाण्यापाशी एक नाव. अनिल भागवत, तबला.

मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा आजी तांदूळ निवडत होती. "भागवत? पुण्याचे का?" तिने विचारलं. आमच्या घरात बीटल्सवर झालेली ही पहिली चर्चा.

पुढे वाचून कळलं ते असं. 11 एप्रिल 1966 ला लंडनमध्ये भागवतांना फोन आला, संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचंय. कोण जॉर्ज, ते सांगितलंच नाही. न्यायला रोल्स रॉइस आली तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. स्टुडिओबाहेर पोरी थर्मास आणि सँडविच घेऊन ठाण मांडून बसलेल्या. हॅरिसनने सांगितलं, रविशंकरांसारखं काहीतरी, सोळा मात्रांत, बाकी तुम्हाला सुचेल तसं वाजवा. हे सगळं भागवतांनी स्वतःच नंतर सांगितलेलं आहे. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव छापणं हा त्या काळी रिवाज नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांच्या 'विदिन यू विदाउट यू' या गाण्यात दिलरुबा वाजवणाऱ्यांत एक अण्णा जोशी होते. त्यांचं नाव मूळ कव्हरवर नाही. ते लोकांना कळायला कित्येक दशकं जावी लागली.

आता लिव्हरपूल.

ऑगस्टच्या शेवटी तिथे 'बीटलवीक' असतो. वीसेक देशांतले साठ-सत्तर बँड येतात आणि सगळे एकाच बँडची गाणी वाजवतात. त्यातला मोठा दिवस रविवारचा. त्या दिवशी लाइम स्ट्रीट स्टेशनजवळच्या ॲडेल्फी हॉटेलात दिवसभर अधिवेशन चालतं. एका दालनात जुन्या वस्तूंची दुकानं, दुसऱ्यात त्या काळातल्या कुणाची तरी मुलाखत आणि उरलेल्या प्रत्येक दालनात गाणी, मध्यरात्र उलटेपर्यंत. जिन्यात ब्राझीलचे चार जण बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' या रेकॉर्डच्या कव्हरवरचे झगमगीत कोट घालून घाम पुसत उभे असतात आणि त्यांच्या बाजूने एक स्वीडिश आजोबा शांतपणे चहाचा कप सांभाळत वर जातात.

म्हणजे ऑर्केस्ट्राच की, असं नणंद म्हणाली. हो, ऑर्केस्ट्राच. गणपतीत 'हुबेहूब किशोर' ऐकत आपण रस्त्यावर बसलेलो आहोत. बालगंधर्वांना जाऊन पन्नास वर्षं उलटली, तरी त्यांची पदं कुणी गाणार असेल तर आपण तिकीट काढून जातो. तिथे कुणी म्हणत नाही की नारायणराव तर नाहीत ना आज. फेटा आपला असला की प्रश्न पडत नाही, इतकंच.

पण तेवढ्यावर मी नणंदेला सोडलं नाही, कारण इथे एक गंमत आहे. बीटल्सनी दौऱ्यावरचा शेवटचा कार्यक्रम 29 ऑगस्ट 1966 ला सॅन फ्रान्सिस्कोत केला. 'रिव्हॉल्व्हर' बाजारात येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता आणि त्या दौऱ्यात त्यांनी तिच्यातलं एकही गाणं वाजवलं नाही. पुढे ते दौऱ्यावर गेलेच नाहीत. स्टुडिओत फिती उलट्या फिरवून, कापून, जोडून केलेलं ते संगीत चौघांनी मंचावर उभं राहून वाजवणं त्या काळच्या यंत्रांनी शक्यही नव्हतं. म्हणजे ते चौघे असते, ऐन भरात असते, तरी मला हवी होती ती गाणी त्यांच्यासमोर बसून ऐकायला मिळाली नसती. मी ती ऐकली ती ॲडेल्फीच्या एका दालनात, जपानहून आलेल्या चौघांकडून. 'सार्जंट पेपर'च्या शेवटच्या गाण्याच्या अखेरीस खुर्ची करकरावी तसा बारीक आवाज आहे. तोही त्यांनी कीबोर्डवर बसवला होता. मी आणि शेजारची अर्जेंटिनाची बाई एकदमच हसलो. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला स्पॅनिश.

'लव्ह यू टू' मात्र एकाच बँडने घेतलं आणि तबला कीबोर्डवर लावून दिला. मशीन आपलं केरवा ठोकत होतं, भजनी मंडळासारखं. मी उठून बाहेर आले. चाहत्यांनी सगळंच गोड मानून घ्यावं, या मताची मी नाही.

बाकी स्थलदर्शन मी उरकलं. बीटल्स सुरुवातीला जिथे वाजवायचे ते मॅथ्यू स्ट्रीटवरचं कॅव्हर्न हे तळघर आता मूळचं नव्हे. मूळ 1973 मध्ये बंद झालं, वरची इमारत पाडली गेली आणि आताचं 1984 मध्ये, थोड्या जुन्या विटा वापरून, बांधलेलं आहे. तरी खाली उतरल्यावर कमानींखाली जो कोंदट घामट वास येतो तो बनावट म्हणता येत नाही. जॉन आणि पॉल 6 जुलै 1957 ला जिथे प्रथम भेटले त्या वुल्टनच्या चर्चपाशीही गेले. पाऊस होता. रांगेतल्या प्रत्येकाने मला विचारलं, "इंडिया? ऋषिकेश?" बीटल्स 1968 मध्ये तिथे महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले होते, म्हणून. मी ऋषिकेशला अजून गेलेले नाही. मी त्यांना सांगायचे की हॅरिसनने जानेवारी 1968 मध्ये मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं, बासरीला हरिप्रसाद चौरसिया होते, आणि मी नोकरी करायचे ती बँक त्याच फोर्टात होती. लोक वह्या काढून लिहून घ्यायचे. माझ्या बँकेचं नावसुद्धा एकाने लिहून घेतलं!

आणि मग तो दुकानदार. ॲडेल्फीतल्या वस्तूंच्या दालनात, पासष्टीचा, लिव्हरपूलचाच. त्याच्या खोक्यात 'रिव्हॉल्व्हर'ची पहिल्या वर्षातली प्रत होती. मी ती पालथी केली आणि नावावर बोट ठेवलं.

"हं, बॅगवॉट," तो म्हणाला.

"भागवत," मी म्हटलं.

त्याने चष्मा वर केला. पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा. त्याच्या तोंडून 'भ' काही निघेना, बाग होई नाहीतर फाग. म्हणाला, तेरा-चौदा वर्षांचा होतो, ही रेकॉर्ड पहिल्यांदा घेतली तेव्हापासून हे नाव रोज वाचतोय आणि चुकीचं म्हणतोय. हे आडनाव तुमच्याकडे कुठलं, ते विचारलं. आजीला स्मरून मी सांगितलं, बहुतेक पुण्याचं. त्याने किमतीच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने उच्चार लिहून घेतला. रेकॉर्ड मी घेतली नाही. माझी घरी आहे आणि त्याची किंमत ऐकून मला आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स आठवला. दोन पौंडांचा एक बिल्ला घेतला.

संध्याकाळी निघताना पुन्हा तिकडून गेले. तो एका तरुण जोडप्याला तीच रेकॉर्ड पालथी करून दाखवत होता. "बागवाट," तो ठासून सांगत होता, "बागवाट, फ्रॉम पूना." मी दुरुस्त करायला गेले नाही. सातची गाणी सुरू व्हायची होती आणि पुढची खुर्ची पकडायची होती.