चूक नेमकी कोणत्या ओळीत?

मी सांभाळत असलेल्या सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) वाचणाऱ्या छोट्या लायब्ररीची, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडची, एक जुनी खोड मला आंब्याच्या ऐन हंगामात, देवगडजवळच्या एका बागायतदार काकांच्या पडवीत बसलेलो असताना कळली. त्यांच्या पेट्यांच्या नोंदींची फाइल उघडताच संदेश येत होता : 'ओळ ४३१७ : फाइल अनपेक्षितपणे संपली.' ती ओळ शेवटची होती आणि तिच्यात काहीच चुकलेले नव्हते. "संपली ते मलाही दिसतंय," हे काकांचे म्हणणे रास्तच होते.

चूक होती २१२व्या ओळीत. वहीत 'वरीलप्रमाणे' म्हणून आपण दोन बारीक रेघा ओढतो, त्याच त्यांच्या मुलाने साध्या एडिटरमध्ये दुहेरी अवतरणचिन्हाच्या रूपात टाइप केल्या होत्या :

देवगड,हापूस,",४८

सीएसव्हीची रचना सांगणाऱ्या आरएफसी ४१८० या २००५ सालच्या दस्तऐवजानुसार, रकान्याच्या आरंभीच असे चिन्ह आले, तर दुसऱ्या तशाच चिन्हाने ते मिटेपर्यंतचे स्वल्पविराम आणि नव्या ओळीही मजकुरातच मोडतात. त्यामुळे पार्सरने (लायब्ररीतल्या, मजकुराचे रकाने पाडणाऱ्या भागाने) पुढच्या ४१०५ ओळी एका रकान्यात गिळल्या आणि जिथे दम संपला तिथला पत्ता दिला. चिन्ह उघडते तेव्हाची ओळ लक्षात ठेवणे एवढाच उपाय होता; तो इतकी वर्षे सुचला नाही, याची लाज वाटते.

ओळीतली जागा सांगणे मात्र अवघड निघाले. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट घेते. त्यामुळे वरचे अवतरणचिन्ह बाइट मोजल्यास ३३वे, युनिकोड चिन्हे (काना-मात्रा वेगळ्या धरून) मोजल्यास १३वे आणि डोळ्यांनी मोजल्यास १०वे ठरते. म्हणून आता मी 'ओळ २१२, रकाना ३' एवढेच सांगतो आणि खाली ती ओळ जशीच्या तशी छापतो.

नंतर सहज म्हणून लागोपाठच्या दोन ओळींत तशा रेघा घालून पाहिल्या. दुसऱ्या चिन्हाने पहिले मिटले, दोन ओळींची चार रकान्यांची एकच बिनचूक नोंद झाली आणि ४८ पेट्या तक्रारीविना हिशेबातून नाहीशा झाल्या. यासाठी 'रकान्यात ओळ बदलली आहे' अशी सूचना जोडली आहे. पण पत्त्यांच्या रकान्यात ओळी खरोखरच बदलतात, त्यामुळे तूर्त ती मागितल्याशिवाय दिसत नाही. काकांच्या संगणकावर ती सुरू करून आलो.