नातू भेटतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नकार्यात, मंडईत, जिना चढताना, तीन वर्षं झाली, मला एकच प्रश्न येतो. "काकू, नातू भेटतो का हो?" विचारणाऱ्यांच्या डोळ्यांत माया असते, म्हणून आज नीट सांगते.

भेटतो. महिन्यातले दोन शनिवार-रविवार, दिवाळीचे चार दिवस, अर्धा मे महिना. मुलगा-सून वेगळी झाली तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता. पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे असावं, असं १९५६च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यातच आहे. कायदा नसता तरी मी तेच म्हटलं असतं. तिच्याशिवाय तो झोपत नसे.

दोघं राजी असली तरी घटस्फोट एका दिवसात होत नाही. आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग अर्ज, मग आणखी सहा महिने थांबायचं. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल आहे. आमच्या मुलांनी तशी सवलत मागितली नाही, आणि ते सहा महिने मी रोज आशेवर काढले.

संमतीच्या अटींत शाळेची फी होती, दवाखाना होता, दागिने होते. आजी-आजोबा हा शब्द कुठेच नव्हता. कोणी मुद्दाम गाळला नव्हता, सुचलाच नाही. ह्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून कपाटात ठेवला आणि संध्याकाळी कट्ट्यावर जाणं सोडलं.

पण मला बोलायचंय ते त्याआधीच्या, पहिल्या वर्षाबद्दल. पोर यायचं, खेळायचं, पण जपून बोलायचं. होळीला पुरणपोळी खाताना म्हणाला, "आजी, मी दोन खाल्ल्या हे आईला सांगू? तिच्याकडे एकच खाल्ली होती. तिला वाईट वाटेल." पाच वर्षांचाही नव्हता! मामानं दिलेली सायकल तर त्यानं आमच्यापासून दोन महिने लपवली. गुडघा फोडून आला तेव्हा कळलं. त्या जखमेपेक्षा मला ते लपवणं लागलं. गप्प राहा असं त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मोठ्यांचे चेहरे बघून तो शिकला होता, आणि त्यांत माझाही चेहरा होता. आईचं नाव निघालं की मी ताटाकडे बघायचे.

त्या रात्री मी सुनेला फोन केला. अजून सूनच म्हणते, दुसरा शब्द मला नकोय. म्हटलं, "गुडघ्याला हळद लावलीय. सायकल घेतलीत, फार छान केलंत." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, तो तुमच्याकडचं मलाही काही सांगत नाही हो." पुढे दोघींनाही बोलता येईना.

तेव्हापासून रविवारी त्याला सोडायला मीच खाली उतरते. काय खाल्लं, कुठे गेलो, कोण भेटलं, सगळं त्याच्यादेखत तिला सांगते. ह्याला वर्ष गेलं, पण आता तोच मला मध्ये थांबवून सांगतो.

तेव्हा मला जरूर विचारत जा. तो सोबत असताना मात्र नको. गेल्या महिन्यात वाण्याच्या दुकानात एकीनं थेट त्यालाच विचारलं, "तुला कोण जास्त आवडतं रे, आई की बाबा?" त्यानं माझा हात घट्ट धरला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.